परिशिष्टात न मावलेल्या बाई

वर्गात सगळे मान खाली घालून लिहीत, तेव्हा बाई चित्रं काढत. ईश्वरशास्त्राचे सर एकदा देहधारणेवर तासभर बोलले आणि बाईंच्या वहीत तान्ह्या बाळाची एक टाच उतरली. मला हसू आलं. "आधी टाच जमाक व्हयी," त्या म्हणाल्या, "मगे देव माणूस झालो म्हणजे काय, ता समाजतला."

वेंगुर्ल्याच्या शाळेत त्यांनी मला चित्रकला शिकवली होती. निवृत्तीनंतर त्यांनी गोव्यातल्या एका संस्थेत ईश्वरशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं, तर तिथे मी आधीच बसलेलो. शनिवारी आम्ही एकाच एसटीने जायचो. "आता मी तुझी बाई न्हय, बाकावरली सोबतीण," असं म्हणत त्या माझ्या नोट्स हक्काने मागून घेत. पण माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की पुन्हा बाई होत.

प्रबंधासाठी त्या पिंगुळीला जाऊन चित्रकथी शिकल्या. एकेक चित्र उभं धरून गोष्ट सांगायची, ही तिथली रीत. तशी त्यांनी येशूची गोष्ट रंगवली. शेवटच्या भोजनाच्या चित्रात दाराआड घामाघूम झालेली एक बाई उभी होती. "रंगवताना माका प्रश्न पडलो," त्या म्हणाल्या, "इतक्या माणसांचा जेवाण रांधल्यान कोणी?" त्या प्रश्नावरच त्यांचा सगळा प्रबंध उभा होता.

समितीपुढे चित्रं उभी धरायला मी बाईंसोबत गेलो होतो. समितीला लिखाण आवडलं. चित्रं मात्र परिशिष्टात टाका, म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, हा प्रश्न मला रंगवतानाच पडला. मग चित्र मागे आणि प्रश्न पुढे, असं कसं?"

विभागप्रमुख माझ्याकडे वळले. "तू सगळं काम पाहिलंयस. तुझं मत?"

माझा नोकरीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. मी म्हणालो, "परिशिष्टात दिली तरी मुद्दा पोचेल, सर."

बाईंनी एकेक चित्र उचलून पिशवीत ठेवलं. परतीच्या एसटीत त्या नेहमीसारख्या माझ्या शेजारीच बसल्या, कागदाच्या पुडीतलं खाजं माझ्यापुढे धरलं. प्रबंध त्यांनी दिलाच नाही. मला त्याच विभागात नोकरी मिळाली.

काही वर्षांनी चित्रं किंवा शिल्पंही प्रबंधाचा गाभा असू शकतात, असा नियम विभागात झाला. मसुदा मीच लिहिला होता. त्याच दुपारी बाईंना फोन केला, आता प्रबंध द्या म्हणालो.

त्या हसल्या. "माझी चित्रां हयल्या बायकांनी तपासली रे. दर रविवारी चॅपेलच्या पडवेत गोष्ट सांगतंय." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवसा तुका खरां काय वाटलेला?"

"तुमचं बरोबर होतं, बाई."

"ता माका ठावक होता. तुका ठावक आसा काय, ह्याच कळत नव्हता."

माफी मागायला वेंगुर्ल्याला जायचं मी ठरवलं. सुट्टी लागली की जाऊ, म्हणता म्हणता राहिलं. गेल्या वर्षी बाई गेल्या.

आता विद्यार्थी रंगांनी बरबटलेल्या हातांनी प्रबंध घेऊन येतात. हा नियम कसा सुचला, म्हणून विचारतात. मी बाईंबद्दल सांगतो, त्यांच्या चित्रांबद्दल भरभरून सांगतो, समितीने काय केलं तेही सांगतो. त्या खोलीत मलाही एक प्रश्न विचारला होता, हे मात्र अजून एकालाही सांगितलेलं नाही.