टॅपेट म्हणून सोडलेली जीप

इंजिनाचं बेरिंग एका दिवसात जात नाही. आधी कुरकुरतं, मग ठोकतं, आणि तरीही मालकाने लक्ष दिलं नाही तर भर रस्त्यात इंजिन जाम करून मोकळं होतं. अमरावतीत पंचवीस वर्षं डिझेल गाड्यांची कामं करताना हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सुनावलंय की आता ते पाढ्यासारखं तोंडातून निघतं. गाडीचं ऐकत जा रे बाबांनो, म्हणायचो, आणि तेही तोऱ्यात. ऐकू येत नव्हतं ते मलाच. पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

उजवा कान जवळजवळ गेला होता, डावा अर्धामुर्धा चालायचा. गावातलं कोणी पाहील म्हणून मी तपासायला अकोल्याला गेलो. नस कमजोर झाली आहे, मशीन लावा, असं डॉक्टर म्हणाले. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि पुढची एसटी धरली. कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडे इंजिनाचा आवाज दाखवायला कोण येणार?

कारण आमचं अर्धं काम कानाचं. पेचकसाचं टोक चालू इंजिनाला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. वर झडपा उघडणारे टॅपेट सैल असतील तर हलकी, भरभर टिकटिक येते, शिवणयंत्रासारखी. बेरिंगचा ठोका खालून येतो, जड असतो आणि गाडीवर भार आला की वाढतो. मला आवाज यायचा, नाही असं नाही. पण त्या आवाजातून दुसरा आवाज वेगळा काढता येत नसे. सगळा एकच कालवा.

दोन वर्षं निभावलं ते आमच्या गॅरेजातल्या एका रीतीमुळे. भागीदाराने आणि मी वेगवेगळं ऐकायचं, कितव्या सिलिंडरमध्ये खोट आहे तो आकडा खडूने तळहातावर लिहायचा, आणि मग दोघांनी एकदम मूठ उघडायची. आमचे आकडे नेहमी जुळत. गिऱ्हाईक खूश, भागीदार खूश. त्याचा पेचकस कुठे जास्त वेळ थांबतो ते मी चोरून पाहायचो, एवढंच.

तो दिवस नेमका त्याच्या सुट्टीचा निघाला. तो अकोल्याला लग्नाला गेला होता आणि सकाळी घाटापलीकडच्या सेमाडोहहून माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा जीप घेऊन आले; बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे जावईच म्हणतात. जावई त्या जीपमधून जंगल पाहायला आलेल्यांना फिरवतात, एरवी गावातली माणसं परतवाड्याला आणतात-नेतात.

"भाऊ, घाट चढतानी खालून कोनी ठोकल्यावानी वाटून राहिलं," ते म्हणाले. "ऑइलचा दिवाबी मधातच पेटते."

खालून ठोका, चढावर वाढतो, वर ऑइलचा दिवा. याहून जास्त इंजिनाने काय सांगायचं? पण मी पेचकस लावला आणि मला कालव्याशिवाय काही मिळालं नाही. मग एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपाचा नट सैल करत गेलो. ज्याचं बेरिंग गेलं असेल त्याचं डिझेल तोडलं की ठोका मऊ पडतो. पडला असेल. मला कळलं नाही. जावई माझ्या तोंडाकडे पाहत होते. 'उद्या भागीदार आला की पाहू' इतकं म्हणायला काय जात होतं? पण जावयासमोर हात टेकायचे म्हणजे माझ्या जिवावर आलं.

"टॅपेट हायेत," मी म्हणालो. "सेट करून देतो. ऑइल बदलतो. दिव्याचं काय, एखादी वायर सैल असन. बिनघोर जा."

"तुमी म्हनलं म्हंजे झालं," जावई म्हणाले. मी त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. तीनच्या सुमारास दोघं निघाले.

ते गेल्यावर मी काढलेलं जुनं ऑइल ड्रममध्ये ओतायला घेतलं. ऊन तिरपं आलं होतं आणि काळ्या तेलावर चमक दिसली. बोटावर घेऊन चोळलं, बारीक कण लागले, तांबूस. चुंबक फिरवलं. लोखंड असतं तर चिकटलं असतं, हे चिकटेना. फिल्टर कापला तर त्याच्या घड्यांमध्ये तोच चुरा. बेरिंगवरचा मऊ थर कधीच झिजून खालचं तांबं निघालं होतं. डोळे शाबूत होते म्हणून कळलं, तेही जीप निघून गेल्यावर.

जावयांना फोन लावला. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत, चांगली सवय. बहिणीचा बंद. परतवाडा सुटला की घाट लागतो आणि फोनचा काही भरवसा नाही. मी मोटरसायकल काढली. पन्नासेक किलोमीटर मला एकच दिसत होतं: चढावर इंजिन जाम झालंय, ब्रेकला जोर नाही, जीप मागे घरंगळतेय आणि पुढच्या सीटवर माझी बहीण आहे. मी देवाला नवस बोललो नाही, स्वतःला शिव्या दिल्या.

परतवाड्याच्या टोकाला एका किराणा दुकानापुढे जीप उभी दिसली. बहीण साखर-चहापत्ती पिशवीत भरत होती, जावई गाडीला टेकून उभे होते.

"घाटात नेऊ नका," मी ओरडतच उतरलो. "बेरिंग गेलं हाय."

"पन तुमी तं ऐकलं न, भाऊ?"

"मले ऐकू येत नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. "दोन वर्षं झाले. मले इंजिनातलं काई समजत नाही."

जावयांनी मान खाली घातली. त्यांच्या तोंडावर नवल असं काही नव्हतं, तेच मला खुपलं. बहीण शांतपणे पिशवीला गाठ मारत होती.

"आमाले मालूम हाय, दादा," ती म्हणाली. "उजवीकून बोललं का तू नुसती मान हालवतं."

"मंग माह्याकडं कावून आनली गाडी? इथं परतवाड्यात काय गॅरेज नाहीत?"

"दुसरीकडं नेली असती अन् तुले मालूम पडलं असतं, तं तुले कसं वाटलं असतं?"

मी तिच्यावर ओरडलो. भर रस्त्यात, जावयांसमोर, दुकानातली गिऱ्हाइकं पाहत असताना ओरडलो, आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. माझं मन राखायला ती दोघं ठोकणारं इंजिन घेऊन तो घाट उतरून आली होती, आणि माझा शब्द खोटा पडू नये म्हणून तोच घाट पुन्हा चढायला निघाली होती.