अंगठ्याचा डाग

बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिलाच. पण नोकरी नव्हती, आणि वर्गातल्या एका मुलीला मनातलं सांगितलं तर ती 'बघू' म्हणून चिपळूणला निघून गेली. मी रोज मेसेज करायचो, 'काय ठरलं?'

रत्नागिरीच्या बाजारात एक मावशी आंबे विकायची. आंबा ती कधी दाबायची नाही. देठाशी नाक नेऊन डोळे मिटायची. मी एकदा अंगठ्याने दाबला.

"मेल्या, दाबून पिकतो काय? डाग पडला. आता हा तूच ने."

"पिकलेला कळणार कसा?"

"पेंढ्यात ठेव, घरभर वास सुटतो. तोवर पेंढा उचकायचा नाय."

आंबा पेंढ्यात ठेवला आणि मेसेजही थांबवले. चौथ्या दिवशी वास सुटला. डाग कापून टाकला, बाकीचा गोड निघाला. चिपळूणला तिला आंब्याचा फोटो पाठवला, विचारलं काहीच नाही.

तिचं उत्तर आलं, "मला नाही ठेवलास?"