सेवा पुरे

आमच्या शेजारच्या मावशी इस्पितळात आया आहेत. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे शिंपीकाका, यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि घरातलं शिलाई मशीन चादरीखाली गेलं. तेव्हापासून मावशी रोज सकाळी काकांचं तोंड धुणार, त्यांना भरवणार, सदरा चढवून भराभर बटणं लावणार, खिडकीशी बसवणार आणि चपला अडकवून कामावर पळणार.

जिन्यात दिसल्या की आम्ही म्हणायचो, "काय सेवा करता हो काकांची!" आम्हाला बोलायला काय जातंय? त्या मान हलवून पुढे पळायच्या.

वॉर्डात मात्र त्या पेशंटला असं भरवत नाहीत. तिथे नियमच आहे, पेशंटचा घास पेशंटने उचलायचा, आयाने नुसतं ताट धरायचं. कितीही वेळ लागो. घरी तेवढा वेळ आणायचा कुठून?

परवा मावशी सदऱ्याचं पहिलं बटण लावत असताना काकांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"सेवा पुरे झाली तुझी. आता जरा मदत कर."

मावशींचं डोकंच फिरलं. "मग रोज उठून मी काय करतेय? नाचतेय?"

"तू माझं सगळं करतेस. मला काही करू देत नाहीस." जीभ जड, तरी काका थांबले नाहीत. "बोटांत आता कुठे जीव येतोय. वापरली नाहीत तर कायमची जातील. जन्मभर लोकांच्या कपड्यांना काज-बटण केलं, माझं एक मला लावू दे. तू नुसतं कापड धर."

मावशी खाटेवर बसल्या. काजाजवळ कापड ताणून धरलं. काकांची बोटं बटणापर्यंत जात आणि घसरत. घड्याळ पुढे पळत होतं. न राहवून मावशींचा हात पुढे झाला.

"हात मागे!" काका खेकसले. पूर्वी दुकानातल्या कारागिरांवर खेकसायचे, अगदी तसेच.

मावशी मला जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. कामावर उशीर झालेला, आता बोलणी बसणार.

"लागलं का बटण?" मी विचारलं.

"लागलं. खालच्या काजात. सदरा वाकडा झालाय, पण नीट करू देत नाहीत. तसेच बसलेत खिडकीत, लोकांना दिसावं म्हणून." त्या कठड्याला टेकल्या. "अख्ख्या वॉर्डाच्या चादरी बदलून कधी इतकी दमले नाही हो. नुसतं कापड धरून बसले होते."