ढगांची अट

ऑफिसात माझ्या मैत्रिणीला सगळे ‘चाळणी’ म्हणतात. उपग्रहाची हजारो छायाचित्रं चाळायची आणि उपयोगाची तेवढी ठेवायची, हेच तिचं काम. प्रत्येक छायाचित्राबरोबर माहिती येते: तारीख, वेळ, ढग किती टक्के. तिने अट घातली, दहा टक्क्यांहून जास्त ढग असलेलं एकही नको. तिथे सगळे तसंच करतात.

या वेळचं काम तिच्याच आईच्या घरामागच्या तळ्याचं होतं. आम्ही दोघी त्यातच पोहायला शिकलो. वर्षात कधी तिथे पाणी साचतं का, एवढंच सांगायचं होतं. साचत नसेल तर बुजवून इमारती उठणार होत्या.

अहवाल गेला: साचत नाही. हल्ली आटलं असेल, असं तिने धरलं.

“अगं, मला खिडकीतून दिसतं ते तुला आकाशातून दिसेना?” तिची आई म्हणाली.

तिने पुन्हा तपासलं. पावसाळ्यातली सगळी छायाचित्रं त्या अटीने बाहेर फेकली होती. उरला तो उन्हाळा. शिवाय ढगांची टक्केवारी असते अख्ख्या छायाचित्राची. त्यात जिल्हाभर गावं मावतात. आमचं तळं म्हणजे टाचणीचं टोक. दूर डोंगरावर ढग दाटले, की इथलं निरभ्र आकाशही बाद. तिने ती अट काढली आणि फक्त तळ्यावरचे ढग तपासले. दर पावसाळ्यात पाणी. काठोकाठ. मी शेजारी बसून स्क्रीनवर बघत होते.

ती साहेबांच्या खोलीत गेली. सोबत आलेली मी बाहेर बाकावर. दार अर्धं उघडं होतं.

“सर, चूक माझी आहे. अहवाल मागे घेऊ या.”

“मॅडम, चूक तुमची, पण सही माझी.”

“तळं जाईल, सर.”

“अहो, एका डबक्याचं काय घेऊन बसलात? पुढच्या कामात अट बदला.”

तिने नवे नकाशे थेट वर पाठवले. वरून उत्तर आलं: साहेबांमार्फत पाठवा.

“भिंतीशी भांडले असते तर एव्हाना पोपडा तरी पडला असता,” ती म्हणाली.

शनिवारी ट्रक आला. आम्ही काठावर उभ्या होतो. मागचा हौदा वर उचलला गेला, राडारोडा धाडकन कोसळला, पाणी उसळून आमच्या अंगावर आलं.

“ओ ताई, मागे व्हा!” ड्रायव्हर ओरडला. “खोल आहे इथे!”

“माहितीये,” ती म्हणाली. हलली मात्र नाही.