ग्लोरियाची कॅसेट

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दोन गोष्टी कधी संपत नाहीत, तपासायच्या बाटल्या आणि किस्से. बाटल्यांवर नावाची चिठ्ठी तरी असते. किस्से नुसतेच साचत जातात, आणि कुवेत सोडून इतकी वर्षं झाली तरी माझ्याकडचे बरेचसे निघतात ते ग्लोरियाचेच!

ग्लोरिया आमची सिस्टर-इन-चार्ज. अमेरिकेतली, काळी, उंच, आणि आवाज असा की पेशंटचा ताप भीतीनेच उतरावा. बोलायची इंग्रजीत, मी सांगतोय आपल्या भाषेत.

*

व्हीसीआर नवा नवा आला होता. गुरुवारी अर्धी ड्यूटी, म्हणून दुपारी आमच्या सालमियाच्या फ्लॅटवर भुताचे पिक्चर. ग्लोरिया पहिली वीस मिनिटं बघायची आणि उठून चहा टाकायला जायची.

बायको म्हणाली, "अगं, आत्ता तर सुरू झालाय!"

"पिक्चरमध्ये काळा माणूस एकच असतो, आणि तो आत्ताच मेला. पुढचं मी कुणासाठी बघू?"

हसलो आम्ही. चहा घेऊन आली तेव्हा मात्र ती हसत नव्हती. "पिक्चरमधलं भूत दात दाखवत येतं," ती म्हणाली. "आमच्या वस्तीत आलेलं जेवणाचं ताट घेऊन आलं."

तेव्हा रूबीचं कळलं. रूबी तिची धाकटी बहीण. वस्तीत एक प्रवचनकार आला. जिथे पोलीस फोन उचलत नाहीत, डॉक्टर दारात उभं करत नाहीत, तिथे हा म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊ लागला, पोरांना शिकवू लागला. "खरंच करत होता गं! तीच तर गोम!" मग एक दिवस सगळ्यांना लांबच्या शेतावर घेऊन गेला. आता आलेली पत्रं आधी तो वाचतो. दोन वर्षांत रूबीची एक ओळ नाही.

*

आम्हीही काही शहाणे नव्हतो. सालमियात एक महाराज अवतरले आणि अर्धं मराठी मंडळ त्यांच्या सत्संगाला. नलू, म्हणजे आमची ही, ग्लोरियाला शिऱ्याचं आमिष दाखवून घेऊन गेली.

ग्लोरियाने शिरा घेतला आणि विचारलं, "दाराला आतून कडी कशाला?"

शिष्य म्हणाला, "ऊर्जा बाहेर जाते."

"मग तिच्यासोबत मीही जाते!"

कडी काढून, शिऱ्याच्या बशीसकट बाहेर! मागोमाग नलू. मग जोशी, मग पाटील. पुढच्या गुरुवारी महाराजांसमोर सतरंजी होती, माणसं नव्हती.

*

हमीदभाई रत्नागिरीचे, आमचे एक्स-रेवाले. बायकोला वाचता येत नव्हतं, म्हणून तेही सगळ्यांसारखी पत्राऐवजी टेपवर बोलून कॅसेट भरून पाठवायचे. पहिल्या खेपेला मनातलं सगळं सुरुवातीलाच बोलून मोकळे झाले. आईने ती अंगणात लावली, शेजारपाजार गोळा करून! त्या वर्षी सुट्टीत गेले तर गावातली पोरं त्यांना "माझ्या चांदणी" म्हणून हाक मारत होती.

तेव्हापासून त्यांची रीत ठरली. आधी वीस मिनिटं कव्वाली, मग बायकोशी बोलणं.

"म्हातारी दहा मिनिटं ऐकते हो, मग उठते सुपारी शोधायला!"

सगळे हसलो. ग्लोरियाने कप खाली ठेवला. "हमीद, पुन्हा सांग. किती मिनिटं?"

*

त्याच शुक्रवारी आमच्याकडे रेकॉर्डिंग झालं. ग्लोरिया वीस मिनिटं चर्चमधली भजनं गायली. वरचा इजिप्शियन शेजारी भांडायला आला आणि दारातच डोळे पुसत उभा राहिला!

मग ती बोलली. भाषण नाही, उपदेश नाही. "रूबी, मावशी शेताजवळच्याच गावात तुझी वाट बघतेय. तू चुकलीस असं कुणी म्हणणार नाही. कुणी एकही प्रश्न विचारणार नाही. मी मावशीला शपथ घातलीय."

हमीदभाईंनी कॅसेटवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'भक्तिगीते', इंग्रजीत. पोस्टाने ती मावशीकडे गेली, मावशीने शेताच्या फाटकावर दिली. मग चार महिने काहीच नाही. ग्लोरिया पोस्टमनच्या वेळेला वॉर्डात निघून जायची. आम्हाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

*

आणि एक दिवस मावशीच्या पत्त्यावरून कॅसेट आली. चहाच्या सुट्टीत सगळी लॅब टेपभोवती. बटण हमीदभाईंनी दाबलं.

"ग्लोरिया, मी रूबी. त्याने दोन भजनं ऐकली आणि कॅसेट माझ्याकडे पाठवून दिली. ती एकटीनेच ऐकायची होती गं, पण टेप होता तिथल्या स्वयंपाकघरात. आम्ही बटाटे सोलत होतो. भजनं लागली तशा सगळ्या गायला लागल्या. मग तू बोलायला लागलीस. कुणीच बंद केलं नाही. संपल्यावर थोरल्या आचारीणबाईंनी सुरी ठेवली आणि एप्रन सोडला. दुपारी त्याचं प्रवचन, स्वयंपाकवाल्या सोडून सगळ्यांनी, पहारेकऱ्यांनीसुद्धा, समोर बसायचं असा त्याचाच नियम, म्हणजे फाटक मोकळं. आम्ही चौदाजणी फाटकातून चालत आलो. मावशी कुणाला काही विचारत नाहीये, पण अगं, इथे बाथरूम एकच आहे!"

टेपमध्येच मागून दार बडवल्याचा आवाज आला. कुणीतरी तारस्वरात ओरडलं, "आधी मी! काल तू तासभर बसली होतीस!" दुसरीने तितक्याच जोरात उत्तर दिलं, तिसरी मध्ये पडली.

रूबी पुढे बोलत होती. ग्लोरियाने टेप थांबवला, मागे नेला आणि तेवढं भांडण पुन्हा ऐकलं. मग पुन्हा एकदा.