कानसेनबाईंचं घर

विद्यापीठातल्या संवाद-संशोधन विभागात लोकांच्या घरांत रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकून जशीच्या तशी टाइप करणाऱ्या बाईंना सगळे ‘कानसेन’ म्हणत. कोण कुणाचं बोलणं कुठे तोडतं हे त्या अचूक टिपत आणि चहाच्या वेळी त्या घरांची यथेच्छ टिंगलही करत. जेवतानाच्या गप्पांच्या अभ्यासाला एक घर कमी पडलं, तेव्हा त्यांनी मोठ्या ऐटीत स्वतःचंच दिलं.

मग ते रेकॉर्डिंग त्यांच्याच कानात वाजलं. सासरे म्हणत होते, “सूनबाई, आज डॉक्टर म्हणाले की...”

“आधी भाजी घ्या, मामंजी!”

जरा वेळाने, “डॉक्टर म्हणाले...”

“अहो, तो पंखा कमी करा ना!”

पुढे मामंजींचा आवाजच नव्हता.

बाईंचे कान तापले. पुसून टाकण्याचा मोह झाला. पण नियमाप्रमाणे प्रत्येक तुटलेल्या वाक्यापुढे त्यांनी खूण केली.

घरी जाऊन त्या मामंजींसमोर बसल्या. “डॉक्टर काय म्हणाले होते?”

“राहू दे गं, दमून आलीस.”

बाई गप्प बसून राहिल्या. अखेर मामंजी सांगू लागले, पण प्रत्येक वाक्याच्या मध्यावर सवयीने थांबत होते, आणि बाईंना मान वर करवत नव्हती.