माझा बाप काढा

आमच्या घरधन्याचं आणि माझं भांडण साऱ्या आसेगावला पाठ. भाजीत मीठ कमी पडलं, की हे माझ्या माहेरच्या बेचाळीस पिढ्या उद्धरायचे, तेही एका दमात. मीही काही तोंड शिवून बसणारी नाही.

सोयाबीनच्या हंगामात हे मळणीयंत्रावर जायचे. अंगणात येईस्तोवर भुवया भुशानं पांढऱ्या. तोंडाले रुमाल बांधा म्हटलं, तर म्हणायचे, "मले काय नवरी समजली काय वं?" वरून बिडी होतीच. खोकला आला आणि घरातच राह्यला. मग एक दिवस माझ्या भावाले शिव्या देता देता हे मधेच थांबले आणि दाराची चौकट धरून उभे राह्यले.

वाशिमच्या डॉक्टरनं यंत्रात फुंकायला लावलं. म्हणाले, "हवा आत जाते, पण बाहेर निघत नाही. नळ्या आवळल्या आहेत. जुनी हवा आतच अडकते, नवीला जागा कुठून मिळणार?" मला कामरगावची जीप आठवली. आतलं कोणी उतरत नाही आणि बाहेरचे रेटून राह्यले. आणि मी बावळट रोज ओरडत होते, "जोरानं श्वास घ्या वो!"

डॉक्टरनं ओठ चिमटून हळूहळू हवा सोडायला शिकवलं, गरम चहावर फुंकर घालतो तशी. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप दिला. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले, उरलेलं सांभाळा.

ह्यांनी पंप फडताळात टाकला. "सवय लागते त्याची."

"आन बिडीची नाई लागली?" मी तडकले.

एरवी यावर गल्ली गोळा झाली असती. ह्यांनी नुसता हात हलवला.

तेव्हापासून मी ह्यांच्या शिव्यांकडे कान लावून असते. आधी त्यांतून माहेरच्या पिढ्या गेल्या. मग भाऊ गेले. मग नुसतं "तुह्या बापानं..." एवढंच उरलं. बापानं काय केलं, ते सांगायला दम पुरेना.

परवा मी मुद्दाम भाजीत मीठ टाकलंच नाही. ताट पुढं सरकवलं आणि समोर बसून राह्यले. ह्यांनी घास घेतला, चावला. ओठ चिमटून हवा सोडली. पुन्हा सोडली.

"चांगली... झाली."

मी उठले, फडताळातून पंप काढला, ह्यांच्या हातात कोंबला आणि रडू फुटलं.

"असं नका बोलू वो," मी म्हटलं. "माझा बाप काढा."